जर्मनीत नव्याने आलात? आधी पत्रपेटीवर नाव लावा

जर्मनीत येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि कर-क्रमांकाचं पत्र काही येत नव्हतं. ऑफिसमधून दर दोन दिवसांनी विचारणा व्हायची. मी रोज संध्याकाळी खाली जाऊन पत्रपेटी उघडायचे, तर आत फक्त जाहिरातींची पत्रकं. एका शनिवारी जिन्यात पोस्टमन भेटला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याला गाठलं. त्याने माझं आडनाव विचारलं, पेट्यांच्या रांगेवरून बोट फिरवत नेलं आणि माझ्या पेटीवर थांबवलं. तिथे आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. "नाव नाही, तर पत्र परत," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या इमारतीकडे गेला. तीन आठवड्यांची माझी सगळी पत्रं, बँकेच्या कार्डासकट, परत गेली होती.

इथे इमारतीला क्रमांक असतो, पण आतल्या घरांना बहुतेक ठिकाणी नसतो. पत्त्यात फ्लॅट नंबर लिहायची पद्धतच नाही. पोस्टमनला ओळख पटते ती पेटीवरच्या नावावरून. मला हे कुणीच सांगितलं नाही, कारण इथल्या माणसाला हे सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. नव्या देशातला बहुतेक मनस्ताप अशाच गोष्टींचा असतो. व्हिसा, नोकरी, तिकिटं याबद्दल सगळे भरभरून सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत जीव मेटाकुटीला येतो तो या बारीकसारीक गोष्टींनी, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. एक अडली की मागच्या चार अडतात. म्हणून पुढे जे लिहिलंय ते मी स्वतः ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिलंय. राज्याराज्यांत आणि शहराशहरांत बारीक फरक असतात, तेवढं आपापल्या गावच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

पहिला दिवस: नावाची पट्टी

चावी हातात पडली की सामान उघडण्याआधी नाव लावा. पत्रपेटीवर आणि खालच्या बेलवर, दोन्हीकडे. कायमची पट्टी इमारतीची व्यवस्था पाहणारी कंपनी करून देते, पण तिला आठवडे लागतात. तोपर्यंत कागदाची पट्टी आणि वर पारदर्शक चिकटपट्टी. अक्षर मोठं आणि ठळक, पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच.

आपल्याकडच्या पासपोर्टांत नावांची भानगड बरीच असते. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव असतं, तेही लिहा. पत्र ज्या ज्या नावाने येऊ शकतं ते प्रत्येक नाव पेटीवर हवं. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहत असाल आणि पेटीवर नाव लावायला जागा नसेल, तर पत्ता देताना तुमच्या नावाखाली 'बाय' म्हणजे 'यांच्या घरी' असं लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव घाला.

पहिले दोन आठवडे: आनमेल्डुंग

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करायची असा कायदा आहे. या नोंदीला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी सेवा कार्यालयात होते. कर-क्रमांक, निवास परवाना, बऱ्याच बँकांचं खातं, सगळं या एका कागदाला टांगलेलं असतं.

सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाची सही असलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग न्यायचं. नाव लांबलचक आहे, पण कागद एका पानाचा: अमुक माणूस अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आला, इतकंच त्यात असतं. भाडेकरार दाखवून हे काम भागत नाही. घर पाहतानाच मालकाला विचारा की हा कागद देणार ना. 'नोंदणी करता येणार नाही' अशी अट असलेलं घर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कारण त्या घरात राहून पुढची एकही पायरी चढता येत नाही. कुटुंबासह आला असाल तर लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले जर्मन भाषांतरासह जवळ ठेवा.

खरी कसोटी टर्मिनची, म्हणजे वेळ ठरवून घेण्याची. हा शब्द पाठच करा, पुढची काही वर्षं तो रोज कानावर पडणार आहे. मोठ्या शहरांत संकेतस्थळ उघडलं की महिनाभर एकही वेळ रिकामी दिसत नाही आणि पोटात गोळा येतो. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर पुन्हा दिसू लागतात, तेव्हा पाहत राहायचं. बर्लिनसारख्या शहरात आपल्याच भागातल्या कार्यालयात जायचं बंधन नाही, शहरातलं कुठलंही चालतं. दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तरी ती लगेच घेऊन ठेवा आणि त्याची पावती जपा. वेळेत प्रयत्न केल्याचा पुरावा असला की सहसा कुणी त्रास देत नाही.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो नुसता माहितीसाठी नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद झाली की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्चचा कर पगारातून वेगळा कापला जातो (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८, बाकी राज्यांत ९). ख्रिस्ती वाचकांनी तिथे काय लिहायचं ते आधी ठरवून जावं.

खिडकीपलीकडचा माणूस इंग्रजी बोलेलच असं नाही. कामकाजाची भाषा जर्मन आहे आणि चुकीची माहिती लिहिली जाऊ नये म्हणून काहीजण मुद्दाम इंग्रजीत शिरत नाहीत. मला पहिल्या दिवशी तो अपमान वाटला होता आणि मी रडवेली होऊन बाहेर आले. आता वाटतं, जर्मन येणाऱ्या कुणाला तरी सोबत न्यायला हवं होतं. "कधीतरी मदत कराल का" असं मोघम विचारलं की लोक संकोचतात. "मंगळवारी नऊ वाजता, अर्धा तास, अमुक कार्यालयात" असं सांगून विचारलं की बहुतेक जण येतात.

पहिला महिना: पत्रं, पत्रं आणि पत्रं

नोंदणी झाली की पत्रांचा ओघ सुरू होतो. करखात्याकडून ११ आकडी कर-क्रमांक येतो, तो जन्मभर तोच राहतो. तो मिळायला उशीर झाला तर पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या, सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. पगाराची चिठ्ठी पाहून धक्का बसतो, पण क्रमांक दिल्यावर हिशोब दुरुस्त होतो, त्यामुळे घाबरू नका. शिवाय सामाजिक विम्याचा क्रमांक येतो, आरोग्य विम्याचं कार्ड येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी.

आणि एक पत्र येतं रुंडफुंकबायट्रागचं, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. "माझ्याकडे टीव्हीच नाही, ही फसवणूक असणार" म्हणून कितीतरी जण ते फेकून देतात. ते खरंच असतं. टीव्ही असो नसो, घरामागे महिन्याला १८.३६ युरो, म्हणजे तिमाहीला ५५.०८ युरो द्यावे लागतात. माणशी नाही, घरामागे. त्यामुळे चौघं एकत्र राहत असाल तर एकानेच भरायचे आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी-क्रमांक कळवून आपलं नाव काढून घ्यायचं. दुर्लक्ष केलं तर थकबाकी वाढत जाते आणि शेवटी वसुलीची कारवाई होते.

आल्याबरोबर एक जाड फाइल आणि दोन भोकं पाडायचं पंचिंग मशीन विकत घ्या. इथे सगळ्यांच्या घरी असतं. आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी फाइलला. आणि भाषा येत नसली तरी पत्रात तीन गोष्टी शोधायला शिका: वर उजवीकडे किंवा मथळ्यात असलेला संदर्भ-क्रमांक, मजकुरातली 'फ्रिस्ट' म्हणजे मुदत, आणि रक्कम. भाषांतराचं ॲप कॅमेऱ्यातून मजकूर वाचून दाखवतं, पण मुदतीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि कॅलेंडरमध्ये टाका. रक्कम वाचताना जपून. इथे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. १.२०० युरो म्हणजे बाराशे, एक युरो वीस सेंट नव्हेत.

पिवळ्या पाकिटाबद्दल सविस्तर सांगते. एक दिवस पेटीत पिवळं पाकीट दिसलं. वर हाताने लिहिलेली तारीख आणि एक सही. मी सवयीप्रमाणे पाकीट फाडून टाकलं आणि आतला कागद ठेवला. नंतर कळलं की पाकीटच महत्त्वाचं होतं. पिवळं पाकीट म्हणजे कायदेशीर रीतीने पोचवलेलं पत्र. पोस्टमन वर लिहितो ती तारीख हीच तुम्हाला पत्र मिळाल्याची तारीख धरली जाते, मग तुम्ही त्या दिवशी गावाला गेलेले का असेना. मुदत तिथून मोजतात. वाहतुकीच्या दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायची असेल तर दोन आठवडे मिळतात, ते या तारखेपासून. म्हणून पाकिटाचा फोटो काढा आणि पाकीट कागदासोबतच फाइलला लावा. आणि महिनाभर भारतात जाणार असाल तर पेटी उघडणारं कुणीतरी नेमून जा.

घर: मोकळं म्हणजे अगदी मोकळं

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, गरम करण्याचा खर्च, जिन्याची सफाई वगैरे धरून. यातला दुसरा भाग अंदाजे घेतलेला असतो. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष वापराचा हिशोब येतो. तो द्यायला मालकाला त्या वर्षानंतर १२ महिन्यांची मुदत असते, त्यामुळे तुम्ही विसरून गेल्यावर शेकड्यांत रक्कम मागणारं पत्र येऊ शकतं. पहिल्या वर्षी थोडे पैसे यासाठी बाजूला ठेवाच.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते आणि ती तीन समान हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. घर पाहिल्याशिवाय, चावी मिळण्याआधी, परदेशी खात्यात डिपॉझिट मागणारा मनुष्य ठग असतो. यात अपवाद मी अजून पाहिलेला नाही.

रिकामं घर खरोखर रिकामं असतं. छतातून दोन वायरी लोंबत असतात, दिवा तुमचा तुम्ही आणायचा. स्वयंपाकघरात अनेकदा ओटा, सिंक, शेगडी यातलं काहीच नसतं, भिंतीतून नळाचं तोंड तेवढं बाहेर आलेलं असतं. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकत असेल तर भाव करून घेणं बहुधा फायद्याचं पडतं. घर ताब्यात घेताना युबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे हस्तांतराचा कागद, नीट भरा. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक तुटकी फरशी, सगळ्या मीटरांची रीडिंग आणि किती चाव्या मिळाल्या ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. सोडताना अनामतीचा वाद याच कागदावर सुटतो.

वीज बहुतेक वेळा भाड्यात नसते. दिवे लागतात म्हणजे मालक भरत असेल, असं समजून लोक महिने काढतात. तुम्ही कुणाशी करार केला नाही तर त्या भागातला मुख्य पुरवठादार आपोआप तुमचा पुरवठादार ठरतो, त्याचा दर बहुधा चढा असतो, आणि बिल मागाहून येतं. हा करार दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दुसरा दर शोधा.

चावीचं एक लक्षात ठेवा. इथली दारं बाहेरून मुठीने उघडत नाहीत. कचरा टाकायला खाली गेलात आणि वाऱ्याने दार लागलं की तुम्ही बाहेर. दारच उघडून देणारे कारागीर मिळतात, पण रात्री भीतीपोटी पहिल्या दिसेल त्या नंबरवर फोन केला तर अवाच्या सवा पैसे उकळणारे भेटतात. आधी फोनवर पूर्ण रक्कम ठरवा. त्याहून चांगलं म्हणजे जादा चावी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा. इमारतीची सामायिक चावी हरवली तर सगळी कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा जो वैयक्तिक विमा इथे जवळजवळ प्रत्येकाकडे असतो, तो घेताना त्यात चाव्यांचा समावेश आहे का ते विचारा.

आता बुरशी. या एका विषयावर मालक आणि आपल्या लोकांमध्ये जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावर होत नसतील. माझ्या पहिल्या नोव्हेंबरात बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट हलवलं, तर मागे काळे ठिपके. मोहरीचे दाणे उडवावेत तसे, कोपऱ्यातून वर चढत गेलेले. मालकाचा पहिला प्रश्न होता, खिडक्या कशा उघडता? मी अभिमानाने सांगितलं की वरून तिरकी करून दिवसभर ठेवते. तिथेच चूक होती. स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ उबदार हवेत मिसळते आणि थंड भिंतीला लागली की तिचं पाणी होतं. तिरक्या खिडकीतून हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडत जाते आणि ओल आणखी धरते. इथली पद्धत म्हणजे श्टोसल्युफ्टेन: हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, हिवाळ्यात पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जमल्यास समोरासमोरच्या दोन्ही. मग घट्ट बंद. हवा बदलते, भिंती गरमच राहतात. फोडणी आणि कुकरच्या वाफेनंतर तर हे लगेच करा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. दहा-पंधरा युरोंचं आर्द्रता दाखवणारं यंत्र आणून आकडा ४० ते ६० टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. हे केल्यापासून माझ्या भिंती कोरड्या आहेत.

रविवार, आवाज आणि कचरा

रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, हार्डवेअर, सगळं. १९१९ च्या वायमार संविधानातलं कलम १३९ आजच्या जर्मन राज्यघटनेतही जसंच्या तसं लागू आहे आणि त्यानुसार रविवार व सणांची सुट्टी विश्रांतीसाठी राखलेली आहे. बेकऱ्या काही तास उघड्या असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं आणि पेट्रोल पंप मदतीला येतात. ईस्टरला शुक्रवार, रविवार आणि सोमवार बंद असतो, मधल्या शनिवारी दुकानांत झुंबड उडते. तेव्हा गुरुवारच्या आधीच सामान भरा.

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. रविवारी ड्रिल चालवायचं नाही, व्हॅक्यूम क्लीनर टाळलेला बरा. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: अमुक दिवशी घरी कार्यक्रम आहे, त्रास झाला तर या नंबरवर सांगा. ज्या शेजाऱ्याने दार ठोठावलं असतं, तोच मग हसून शुभेच्छा देतो.

कचऱ्याचे डबे घराच्या मागे असतात. कागद निळ्या डब्यात, पॅकिंगचं प्लॅस्टिक आणि डबे पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत, ओला कचरा वेगळा, उरलेलं सगळं रेस्टम्युलमध्ये. रंग गावानुसार बदलतात, झाकणावर वाचा. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये, पांढरी, हिरवी, तपकिरी अशा रंगवार, आणि निळी काच हिरव्यात. कंटेनरवर लिहिलेल्या वेळेतच टाका, रविवारी तर नकोच, त्या खळखळाटाने अख्खी गल्ली जागी होते.

बाटल्यांवर प्फान्ड असतो, म्हणजे परत मिळणारी ठेव. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटली आणि कॅनला २५ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटलीला बहुधा ८ किंवा १५. बाटली चेपू नका, लेबल काढू नका, सुपरमार्केटमधल्या यंत्राला ते वाचता आलं पाहिजे. यंत्रातून निघालेली चिठ्ठी काउंटरवर द्या.

आजारी पडण्याआधी डॉक्टर शोधा

हे मी कळकळीने सांगते. अंगात ताप असताना फोनवर परक्या भाषेत "नवे पेशंट घेत नाही" हे तीन ठिकाणी ऐकणं फार वाईट असतं. आल्यावर पहिल्या महिन्यातच, धडधाकट असताना, घराजवळचा हाउसआर्ट्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टर गाठा आणि कार्ड देऊन नाव नोंदवा. मुलं असतील तर बालरोगतज्ज्ञाकडेही.

तीन नंबर घरात लावून ठेवा. जिवावर बेतलं असेल किंवा आग लागली असेल तर ११२. पोलिसांसाठी ११०. आणि रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा, पण प्रसंग जिवावरचा नाही, तर ११६११७. याच शेवटच्या नंबरचा दुसरा उपयोग फार कमी लोकांना माहीत असतो. विशेषतज्ज्ञाची वेळ महिनोन्‌महिने मिळत नसेल तर फॅमिली डॉक्टरकडून कोड असलेली युबरवाइसुंग, म्हणजे संदर्भचिठ्ठी घ्या. सरकारी विमा असणाऱ्यांना ही सेवा चार आठवड्यांच्या आतली वेळ मिळवून देते. डॉक्टर कोण ते मात्र तुम्हाला निवडता येत नाही.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाऊन लोक नाराज होऊन येतात. "सर्दी-तापाला गोळीसुद्धा दिली नाही, चहा प्या आणि झोपा म्हणाले." विषाणूच्या तापाला प्रतिजैविकं इथले डॉक्टर सहसा देत नाहीत आणि औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. मला सुरुवातीला हे निष्काळजीपणाचं वाटलं, आता पटलंय. औषधाची चिठ्ठी ऑनलाइन साठवलेली असते आणि विमा कार्डावरून उघडते, दुकानात नुसतं कार्ड द्यायचं. बहुतेक औषधांमागे ५ ते १० युरो तुम्हाला भरावे लागतात. रात्री किंवा रविवारी कोणतं दुकान उघडं आहे, त्याची यादी प्रत्येक औषध दुकानाच्या दारावर लावलेली असते.

ऑफिसला आजारपण कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवा. तीन दिवसांहून जास्त आजारी असाल तर चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरांचा दाखला लागतो, काही ठिकाणी करारात पहिल्याच दिवशी मागितलेला असतो. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. ताप अंगावर काढून ऑफिसला गेलं की शाबासकी मिळत नाही. सहकारी दूर सरकतात आणि घरी जायला सांगतात.

करार, गाडी आणि तिकीट

सही करण्याआधी मुदत पाहा. मोबाइल आणि इंटरनेटचे करार २४ महिन्यांपर्यंत बांधून ठेवतात, त्यानंतर मात्र महिनाभराच्या नोटिशीवर सुटता येतं. ऑनलाइन केलेला करार १४ दिवसांत मागे घेता येतो. जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार रद्द करण्याचं बटण असणं बंधनकारक आहे, रद्द केल्यावर येणारी पावती जपा. भाड्याच्या घराची नोटीस तीन महिन्यांची, आणि ती कागदावर, सही करून. ईमेलने दिलेली चालत नाही.

भारतीय वाहन परवान्यावर जर्मनीत स्थायिक झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. "अजून वेळ आहे" म्हणता म्हणता हे सहा महिने जातात, म्हणून ज्यांना गाडी लागणारच आहे त्यांनी तिसऱ्या महिन्यात प्रक्रिया सुरू करावी.

शहरातल्या बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांसाठी देशभर चालणारं डॉइचलांड-टिकेट आहे, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेआधी. सुटं तिकीट घेतलंत तर ते छोट्या यंत्रात छापून घ्यायचं असतं का ते पाहा. छाप नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट आणि दंड ६० युरो.

भाषेचा थकवा

दिवसभर दुसऱ्या भाषेत ऐकलं की संध्याकाळी डोकं जड होतं, घरच्यांशी बोलायलाही नको वाटतं. हे सगळ्यांना होतं आणि काही महिन्यांत ओसरतं. एका बाबतीत आपल्याला घरूनच शिदोरी मिळालेली आहे. जर्मनमध्ये २४ म्हणताना चार आधी आणि वीस नंतर येतात. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास गडबडतात. आपल्या 'चोवीस'मध्येही 'चो' आधीच येतो, तेव्हा आकडे मराठीतून शिका. वेळ सांगताना मात्र सावध. 'हाल्ब फीअर' म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे. चाराच्या वाटेवर अर्धं, असा त्यांचा हिशोब. मी यापायी एकदा तासभर उशिरा पोचले होते.

फोन सर्वांत अवघड, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. बोलायची तीन वाक्यं आधी लिहून काढा आणि चौथं हे ठेवा: "कृपया हे मला ईमेलने कळवाल का?" फोल्क्सहोखशूले, म्हणजे लोकशिक्षण केंद्राचे भाषावर्ग जवळजवळ प्रत्येक गावात असतात आणि खासगी वर्गांपेक्षा स्वस्त पडतात. मोठ्यांशी, कार्यालयात, दुकानात 'झी' म्हणजे तुम्ही वापरा. समोरच्याने स्वतःहून 'डू' म्हटलं की मग अरे-तुरे.

निवास परवाना आणि शेजारी

परवान्याची शेवटची तारीख आजच पाहा आणि तिच्या तीन-चार महिने आधीचा गजर लावा. अर्ज जुना परवाना चालू असतानाच आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, पोचला पाहिजे. निर्णयाला उशीर लागणार असेल तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग मागा. हा मधल्या काळाचा दाखला आहे. त्यावर प्रवास करून परत येता येतं की नाही हे दाखल्यावरच्या प्रकारावर ठरतं, म्हणून तिकीट काढण्याआधी कार्यालयाला लेखी विचारा.

आणि पार्सल. तुम्ही घरी नसाल तर कुरिअरवाला पार्सल शेजाऱ्याकडे देऊन तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकतो. चिठ्ठीवर शेजाऱ्याचं आडनाव खरडलेलं असतं, मग बेलवरच्या नावांतून ते शोधून त्यांचं दार वाजवायचं. माझी इमारतीतली पहिली ओळख अशीच झाली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींशी. दार उघडल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे नावाची पट्टी चिकटपट्टीने लावलीय ती तुम्ही! पावसाने सुटत चाललीय हो." आणि आतून कात्री आणि चांगली जाड पट्टी घेऊन आल्या. तुम्हीही घरी असाल तेव्हा इतरांची पार्सलं घेऊन ठेवत जा.